जुना एसी काढताना गॅस हवेत न सोडता पंपडाऊन कसं करावं

दरवर्षी १६ सप्टेंबरला, म्हणजे ओझोन दिनी, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छत्री घेतलेल्या पृथ्वीचं चित्र येतं. खाली लिहिलेलं असतं, 'झाडे लावा, ओझोन वाचवा'. झाडं लावा, कोण नको म्हणतंय? पण ओझोनचा थर डोक्यावर साधारण १५ ते ३५ किलोमीटरवर आहे, तुमच्या गुलमोहराशी त्याचा संबंध नाही. त्याला खाणारी वस्तू मात्र तुमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेली असू शकते.

दुसरा सल्ला सेंटचे स्प्रे वापरू नका असा. तो केव्हाच जुना झाला. त्यात असायचा तो सीएफसी, म्हणजे ओझोन खाणारा क्लोरीनवाला गॅस. आपल्याकडे त्याचं उत्पादन २००८ मध्येच थांबलं, दम्याच्या पंपापुरता तेवढा अपवाद होता. तिसरा तर कहर आहे: घरात ओझोन सोडणारं यंत्र बसवा! तो ओझोन वर जात नाही, तुमच्या घशात जातो. जमिनीलगतचा ओझोन विषारीच असतो. घोडबंदर रोडवर गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून तो फुकट तयार होतो, विकत कशाला आणायचा?

मी पंचवीस वर्षं कळव्यापासून खारघरपर्यंत एसी बसवतोय आणि काढतोय. घर बदलताना, मशीन विकताना, भिंत रंगवताना गॅस मशीनमध्येच अडवून ठेवायचा, एवढं एक काम प्रत्येक घराच्या हातात आहे. त्याला पंपडाऊन म्हणतात. पंधरा मिनिटांचं काम आहे. दहातले सात मेकॅनिक ते करत नाहीत, नट सैल करून गॅस उडवून देतात. मग नव्या घरी 'गॅस भरावा लागेल साहेब' म्हणत त्याचे पैसेही घेतात.

आधी गॅस कोणता ते बघा. आउटडोअरच्या, म्हणजे खिडकीबाहेरच्या मशीनच्या, कुशीला पत्र्याची पाटी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं. आर-२२ असेल तर त्यात क्लोरीन आहे. हा गॅस वर पोचला की उन्हातल्या अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडत सुटतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हे १९७४ मध्ये सीएफसीबद्दल सांगितलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगाला कळलं आणि १९८७ मध्ये असे गॅस बंद करायचा माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. आर-२२ त्या सीएफसींचा सौम्य भाऊ. सीएफसी-११ ची ओझोन मारण्याची ताकद १ धरली तर याची ०.०५५. 'एवढंसं तर आहे' असं मेकॅनिक म्हणतो ते यावरूनच. पण हाच एक किलो गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट उष्णता अडवतो, ते तो सांगत नाही.

पाटीवर आर-४१०ए किंवा आर-३२ असेल तर ओझोनला धोका नाही, हवा तापवण्याचा आहेच. काम दोन्हीकडे तेच. फक्त आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर सरळ प्रोपेन आहे, म्हणजे चुलीतल्या गॅसचा सख्खा भाऊ. तिथे बिडी, पाइप जोडायचा पेटता टॉर्च, ठिणगी काही नको आणि आर-२९० ला त्याचं शिक्षण न घेतलेल्या माणसाचा हात नको.

मेकॅनिकला फोनवरच विचारा: गेज (गॅसचा दाब दाखवणारं काट्याचं मीटर) आणणार का, पंपडाऊन करणार का? 'त्याची गरज नसते' म्हणाला तर दुसरा शोधा. हे काम स्वतः करू नका. तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उभं राहून पाना फिरवणं हा वेगळा धंदा आहे. पण काय चाललंय ते कळलं पाहिजे, आणि एक काम तुमच्याकडेही आहे, ते पुढे येईल.

एसी कूलिंगवर, १६ अंशांवर, दहा मिनिटं चालवा. पावसाळ्यात खोली आधीच गार असेल तर कंप्रेसर मध्येच थांबतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. इन्व्हर्टर मशीनला सक्तीच्या कूलिंगवर टाकावं लागतं, ते बटण कुठलं ते त्याच्या पुस्तिकेत बघा.

आता व्हॉल्व्ह. सगळा खेळ इथेच आहे.

आउटडोअरच्या बाजूला दोन पाइप येतात, एक बारीक आणि एक जाड. बारीक पाइपातून पातळ, म्हणजे द्रव झालेला, गॅस आत जातो, जाड पाइपातून वाफ परत येते. दोन्हींच्या व्हॉल्व्हवर पितळी झाकणं असतात. झाकण काढलं की आत ॲलन कीचं षटकोनी भोक दिसतं. गेजची नळी जाड व्हॉल्व्हच्या पिनवर लावायची. मग बारीक व्हॉल्व्ह आधी बंद करायचा. बारीक आधी! कंप्रेसर जाड पाइपातून गॅस ओढत राहतो, पण पुढे सोडायला वाट नाही, म्हणून सगळा माल आउटडोअरच्या कॉइलमध्ये साठतो. गेजचा काटा खाली येऊ लागतो. शून्याच्या जरा वर असताना जाड व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याच क्षणी मशीन बंद. झालं पंपडाऊन.

सांगायला तीन ओळी. मला नीट जमायला दोन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी नेरुळच्या एका घरात मी उलटं केलं, जाड आधी बंद केला. उस्ताद खाली चहाला गेला होता. कंप्रेसरला ओढायला काही मिळेना, तो गुरगुरायला लागला, मी घाबरून मशीन बंद केलं आणि पंपडाऊन झालं असं समजून नट सोडला. पाइपात अख्खा पातळ गॅस होता. आर-२२ उणे ४१ अंशांना उकळतो. तो बोटांवर आला तेव्हा आधी काही कळलंच नाही, नंतर भाजल्यासारखी आग. दोन बोटांची कातडी पांढरी पडली ती आठवडाभर. आणि किलोभर गॅस फुस्स करून पाम बीच रोडच्या दिशेने गेला. उस्ताद वर येऊन म्हणाला, 'उडाला? उडू दे, नवीन भरू.' तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. काटा शून्याखाली गेला तरी मी थांबलो नाही, म्हटलं शेवटचा थेंबही काढू. असं करू नका. शून्याखाली म्हणजे पाइपात निर्वात, आणि कुठे नट जरा सैल असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. कंप्रेसरमध्ये हवा आणि तेल एकत्र दाबलं गेलं की डिझेल इंजिनासारखा भडका होऊ शकतो, कंप्रेसर फुटतो. म्हणून एक नियम मी सगळ्या पोरांना शिव्या देऊन शिकवतो: मशीन चालू असताना एकही नट सैल करायचा नाही. कितीही घाई असो, घरमालक कितीही डोक्यावर उभा असो.

मग तो नेमका क्षण पकडायचा कसा? माझी युक्ती अशी. जाड व्हॉल्व्ह काट्याची वाट बघत पूर्ण उघडा ठेवायचा नाही. तो बंद व्हायला पाच-सहा फेरे लागतात आणि तेवढ्यात काटा शून्याखाली जातो. बारीक व्हॉल्व्ह पूर्ण बंद केल्यावर जाड व्हॉल्व्ह आधीच फिरवून ठेवायचा, शेवटचा एक फेरा तेवढा बाकी. काटा १० पीएसआयच्या आसपास आला की किल्ली हातात घट्ट धरायची. दोन-तीनवर आला की तो फेरा पूर्ण. घाबरगुंडी संपली.

तुमचं काम इथे येतं. मेन स्विचपाशी उभं राहायचं आणि मेकॅनिकने 'बंद' म्हणताच स्विच पाडायचा. रिमोट नको, रिमोटने मशीन आपल्या सवडीने थांबतं. खिडकीतून हाक मारली की रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येत नाही. ऐरोलीला एकदा मी तीन वेळा ओरडलो आणि आतले काका 'काय म्हणालात?' विचारत राहिले. तेव्हापासून फोन चालू ठेवूनच काम करतो.

मशीन बंद झाल्यावर लगेच नट सोडू देऊ नका. दोन मिनिटं काट्याकडे बघत बसा. जागेवर राहिला तर ठीक. चढायला लागला तर कुठे पातळ गॅस अडकलाय किंवा बारीक व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही. परत मशीन चालवा, परत करा. हीच दोन मिनिटं वाचवायला बहुतेकजण निघून जातात. नट सोडताना थोडी फुस्स होणारच, ती चालते. फुस्स थांबतच नसेल तर नट परत आवळायला लावा.

पाइप सुटले की तोंडं टोप्यांनी किंवा टेपने बंद करा, आत धूळ नको.

कंप्रेसरच बंद पडला असेल तर पंपडाऊन होत नाही, त्याला गॅस काढून घ्यायचं रिकव्हरी मशीन आणि वेगळा सिलेंडर लागतो. तो ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, आणि आर-२२ मध्ये दुसरा गॅस मिसळायचा नाही, मिसळला की तो कोणाच्याच कामाचा उरत नाही. असं मशीन असलेला मेकॅनिक शोधायला दोन फोन जास्त करावे लागतील. करा. भंगारवाल्याला गॅस भरलेला एसी देऊ नका, तो करवतीने पाइप कापतो आणि तिथेच सगळं संपतं. एसी ई-कचऱ्याच्या नियमांत येतो, अधिकृत केंद्राला द्या.

नव्या घरी बसवताना दुसरा चोर भेटतो. 'पाइपातली हवा काढायला' मेकॅनिक बारीक व्हॉल्व्ह उघडून तुमचाच गॅस दुसऱ्या टोकाने सोडतो. जो गॅस तुम्ही जिवापाड वाचवला, त्यातलाच हा हिस्सा. व्हॅक्युम पंप लावायला लावा, निदान वीस मिनिटं. आपल्या दमट हवेत पाइपात ओल राहिली तर ती तेलाशी मिळून आम्ल बनवते आणि कंप्रेसर आतून खाते, ते नुकसान वेगळंच. पंप बंद केल्यावर काटा तसाच राहिला तरच व्हॉल्व्ह उघडायचे.

आणि दर उन्हाळ्यात 'गॅस कमी झालाय, टाकतो' हे ऐकून पैसे देणं थांबवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो त्याच त्याच फेऱ्या मारतो. कमी झाला म्हणजे गळतोय. खाडीकाठच्या कोपरखैरणे, ऐरोली, वाशीच्या घरांत खारट हवेने कॉइल आणि सांधे कुरतडले जातात. आधी गळती शोधा, मग भरा. भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक नटाला लावा, बुडबुडा आला की जागा सापडली. आर-२२ असलेली नवीन मशीन बनवणं आपल्याकडे २०२४ च्या अखेरीस थांबलं, २०३० पर्यंत हा गॅस जवळपास पूर्ण बंद होणार आहे. म्हणजे जुन्या मशीनच्या पोटात आहे तोच तुमचा साठा.

फेस त्या दोन पितळी झाकणांवरही लावा. व्हॉल्व्हचा दांडा कालांतराने थोडा झिरपतोच, झाकणाचंच सील त्याला धरून ठेवतं. तरीही काम झाल्यावर झाकणं छज्जावर टाकून मेकॅनिक निघून जातो, आणि पुढच्या वर्षी तोच 'गॅस कमी झालाय' म्हणत येतो. निघायच्या आधी झाकणं मोजा आणि तुमच्यासमोर पान्याने आवळून घ्या.