‘रूममेट’ म्हणताना नेमकं काय सांगायचं

‘रूममेट हवा आहे’ एवढ्या तीन शब्दांवर कोणी घर बघायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. खोली दोघांत एक की फक्त स्वयंपाकघर सामाईक? करारावर दोघांची नावं असणार की एकाचंच? मध्येच कोणी सोडून गेलं तर त्याच्या वाट्याचं भाडं कोण भरणार? यातलं काहीच त्या शब्दातून कळत नाही. दुसऱ्यांबरोबर घर वाटून राहण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे नात्यातली आणि ओळखीतली मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडताना जाहिराती, करार मला दाखवतात. त्यांना मी जे सांगते तेच इथे मांडते.

आधी शब्दाचं बघू. मराठीत आपण रूममेट, रूम पार्टनर, रूमी काहीही म्हणतो आणि बोलण्यात ते चालून जातं. ‘माझा रूममेट’, ‘माझी रूममेट’ दोन्ही बरोबर. जाहिरातीत मात्र ‘हवा’ किंवा ‘हवी’ लिहिलं की वाचणारा त्यातून अट काढतो, म्हणून मुलगा की मुलगी हे स्पष्ट लिहा आणि कोणीही चालणार असेल तर तसंही लिहा. इंग्रजीत लिहिताना ‘रूम पार्टनर’ अजिबात वापरू नका. तिकडे ‘पार्टनर’ म्हटलं की ऐकणारा नवरा, बायको किंवा प्रेमातला जोडीदार समजतो. माझी भाची इंग्लंडला निघाली होती तेव्हा तिने एका घरमालकिणीला कळवलं, ‘रूम पार्टनर आणि मी, दोघी येऊ.’ उत्तरात त्यांना डबल बेडची एकच खोली देऊ केली गेली. त्या दोघींना दोन खोल्या हव्या होत्या.

देशागणिक अर्थ कसा सरकतो हे माहीत असलं की अशा गोष्टी टळतात. अमेरिकेत एका घरात राहणारे सगळे एकमेकांचे रूममेट, प्रत्येकाची झोपायची खोली वेगळी असली तरी. ब्रिटनमध्ये रूममेट म्हणजे बहुधा एकाच खोलीत झोपणारा. खोली वेगळी आणि घर एक असेल तर तिथे फ्लॅटमेट किंवा हाउसमेट म्हणतात. न्यूझीलंडमध्ये हा फरक कायद्यापर्यंत जातो. घरमालकाशी केलेल्या करारावर ज्याचं नाव आहे तो भाडेकरू, आणि करारात नसलेला, भाडेकरूने सोबत घेतलेला तो फ्लॅटमेट. तिथल्या भाडेकायद्याचं संरक्षण या फ्लॅटमेटला मिळत नाही. म्हणून तिकडच्या जाहिरातीत हा शब्द दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: मी भाडेकरू होणार की फ्लॅटमेट?

जर्मनीत अशा सामाईक घराला ‘वेगे’ म्हणतात, आणि त्यात एक पोटप्रकार आहे जो मला फार आवडतो: ‘त्स्वेक-वेगे’. भाडं वाटून घेण्यापुरतं एकत्र राहायचं, मैत्री किंवा एकत्र जेवणाची अपेक्षा ठेवायची नाही. जाहिरातीतच हे लिहिलेलं असतं आणि कोणाला त्यात तुसडेपणा वाटत नाही. ‘आम्ही रोज एकत्र जेवतो’ किंवा ‘आपापलं राहणारं माणूस हवं’ हे आपणही पहिल्याच ओळीत लिहायला हवं. पुढची निम्मी भांडणं या न सांगितलेल्या अपेक्षेतून होतात.

आता करार. इथे घाई करू नका. दोघा-तिघांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या, तर बऱ्याच देशांत जबाबदारी संयुक्त आणि स्वतंत्र अशी दोन्ही असते. याचा अर्थ एकाने भाडं बुडवलं तर घरमालक पूर्ण रक्कम उरलेल्यांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. ‘मी माझा वाटा भरला’ हे उत्तर तिथे पुरत नाही. प्रत्येकाचा आपापल्या खोलीपुरता वेगळा करार असेल तर सहसा हा प्रश्न येत नाही. कोणता प्रकार आहे ते सहीच्या आधी विचारा.

तिसरी स्थिती म्हणजे घरमालक स्वतः त्याच घरात राहतो आणि तुम्ही त्याचं स्वयंपाकघर, न्हाणीघर वापरता. ब्रिटनमध्ये अशा राहणाऱ्याला ‘लॉजर’ म्हणतात. इंग्लंडमध्ये भाडेकरूची अनामत रक्कम मालकाला ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. लॉजरच्या रकमेला तो नियम लागू नाही. लॉजरला वाजवी मुदत देऊन कोर्टाच्या आदेशाशिवायही घर सोडायला लावता येतं. बोलताना मालक प्रेमाने तुम्हाला ‘हाउसमेट’ म्हणत असेल, पण हक्क ठरतात ते तुम्ही कसे राहता यावरून.

न्यूयॉर्कमध्ये उलट दिशेने मदत आहे. करारावर एकाच भाडेकरूचं नाव असलं, तरी तिथला कायदा त्याला आपल्या कुटुंबाव्यतिरिक्त आणखी एक माणूस सोबत ठेवू देतो. आलेल्या माणसाचं नाव मात्र ३० दिवसांत मालकाला कळवावं लागतं. पण असा आलेला रूममेट आपोआप भाडेकरू होत नाही, हे त्याने ध्यानात ठेवावं.

एवढं कळलं की जाहिरात लिहिणं सोपं. मी लिहून देते ती साधारण अशी असते: ‘दोन खोल्यांच्या घरात एक स्वतंत्र खोली रिकामी आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. घरात सध्या एक नोकरदार मुलगी राहते. मालकाशी करार दोघींच्या नावे होईल. वीज, इंटरनेट भाड्यात धरलेलं नाही, निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. किमान सहा महिने राहणारी हवी.’ यात रूममेट हा शब्द एकदाही आला नाही आणि काही अडलं नाही.

राहायला लागण्याआधी आपसात एक कागद करा. मैत्रिणी असाल तर जास्तच आग्रहाने करा, कारण मैत्रीत पैशाचं विचारायला जीभ रेटत नाही. भाड्याची वाटणी खोल्यांच्या आकारावर करायची असेल तर मला एक रीत रास्त वाटते. निम्मं भाडं सामाईक जागेचं धरून समान वाटायचं, उरलेलं निम्मं खोल्यांच्या क्षेत्रफळाप्रमाणे. एक खोली १५ चौरस मीटर, दुसरी १० असेल, तर मोठ्या खोलीकडे ५५ टक्के येतात आणि छोटीकडे ४५. अनामत कोणी किती दिली, पाहुणे किती रात्री राहू शकतात, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे त्याच कागदावर लिहा. भिंती, नळ, गादी यांचे तारखेसह फोटो काढून दोघांकडे ठेवा.

घर सोडताना खोली रिकामी करून किल्ली दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. तुमचं नाव करारावर राहिलं तर पुढच्या थकबाकीसाठीही तुम्हाला विचारलं जाऊ शकतं. नाव कमी केल्याचं मालकाकडून लेखी घ्या. तुमच्या जागी येणाऱ्याने अनामत तुम्हाला परस्पर दिली असेल, तर तेही मालकाला कळवून त्या लेखी कागदात घालून घ्या.