कोऱ्या रोलनंतर सापडलेली खूण

आजोबांच्या लायका थ्री-एफ या जुन्या फिल्म-कॅमेऱ्यात मी भरलेला पहिला रोल धुऊन आला तो कोराच. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा एकही फोटो नाही! फार वाईट वाटलं. पण फिल्मच्या काठावरचे छापील आकडे स्वच्छ उमटले होते. म्हणजे धुण्यात चूक नव्हती, फिल्म पुढे सरकलीच नव्हती.

या कॅमेऱ्याची पाठ उघडत नाही. तळाचं झाकण काढून रोल आणि रिकामं रीळ दोन्ही एकदम खालून आत सरकवायचे. आजच्या ३५ मिमी रोलची अरुंद जीभ, म्हणजे सुरुवातीला अर्ध्या रुंदीची कापलेली पट्टी, त्यासाठी आखूड पडते. फिल्मचा पूर्ण रुंदीचा भाग आत अडतो, काठावरची भोकं फिल्म ओढणाऱ्या चाकाच्या दात्यांवर बसतच नाहीत.

आता मी फिल्म आणखी कापून जीभ १० सेंटिमीटर लांब करतो, म्हणजे साधारण २१ भोकं. कापायची बाजू कंपनीने कापलेलीच. टोकाशी कात्री भोकातून जाऊ देत नाही, दोन भोकांच्या मधूनच नेतो. अर्धवट कापलेलं भोक फाटून तुकडा आत राहिला तर शटरच धोक्यात.

झाकण लावलं की रोल उलटा गुंडाळायची गुंडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढतो. मग फिल्म पुढे नेताना त्याच गुंडीवर नजर ठेवतो. ती आपोआप उलटी फिरली, तरच फिल्म चालते आहे. फिरली नाही तर पुन्हा उघडायचं, आळस करायचा नाही.

परवाच्या रोलमध्ये ३६ च्या ३६ आले. आजी तुळशीपाशी बसलेली आहे.