व्हर्च्युअल मशीनची हार्ड डिस्क मोठी करताना: अर्धं काम बाहेर, अर्धं आत

एप्रिलचा शेवटचा आठवडा, देवगडात घरी आंब्याच्या पेट्या भरायचं काम जोरात चालू, आणि आतून वहिनीची हाक आली, "भावजी, बिल सेव्हच होणा नाय, सगळा लाल लाल दिसता." जाऊन बघितलं तर सी ड्राईव्हमध्ये 200 एमबी पण शिल्लक नव्हते. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं, ते विंडोज 7 वरच नीट चालतं, आणि विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला, म्हणून नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून त्यात विंडोज 7 चालवतो, त्याचं नेट बंद ठेवतो. मशीन बनवताना डिस्क 32 जीबी दिलेली, तेव्हा पुष्कळ वाटली, पण तीन सीझनची बिलं, पीडीएफ आणि सॉफ्टवेअरचे रोजचे बॅकअप त्यातच साठत गेले.

इथे बहुतेक जण काय करतात, बाहेरून, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधून, डिस्क 64 करतात, मशीन चालू करतात, बघतात तर सी अजून 32 च आणि लालच, मग वाटतं झालंच नाही, की परत जाऊन 128 करतात. असं करू नका, कारण व्हर्च्युअलबॉक्समध्ये वाढवलेली डिस्क परत लहान करता येत नाही. पहिल्या वेळीच काम झालेलं असतं, फक्त अर्धं. शेजारची जमीन विकत घेतली तरी आपला गडगा जुन्या हद्दीवरच उभा असतो ना, तो उचलून नव्या हद्दीवर नेईपर्यंत कलमं लावायला जागा मिळत नाही, तसंच हे. डिस्क म्हणजे जमीन, आतलं पार्टिशन, म्हणजे विंडोजने सी साठी आखलेला भाग, तो गडगा, आणि दोन्ही कामं वेगवेगळ्या जागी करायची असतात.

आधी बॅकअप. हे मी सांगायचं म्हणून सांगत नाही, आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि डिस्कचं काम अर्ध्यात तुटलं तर सगळ्या सीझनचा हिशोब जाऊ शकतो. मशीन पूर्ण बंद करा, म्हणजे आतल्या विंडोजमधून शटडाऊन, नुसती विंडो बंद करून सेव्ह स्टेट, म्हणजे आहे त्या स्थितीत थांबवून ठेवलेलं, चालत नाही. मग मशीनचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि चार्जर लावलेला हवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. आमची कॉपी चालू असतानाच लाईट गेली होती, लॅपटॉपच्या बॅटरीवर काम निभावलं, पण बाहेरची डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर होती ती बंद पडली आणि कॉपी पहिल्यापासून करावी लागली. म्हणून बाहेरची डिस्क यूएसबीवरच चालणारी घ्या.

आता स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता यावं म्हणून जपून ठेवलेली मशीनची त्या दिवसाची स्थिती, ते बघा, कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. मशीनचे स्नॅपशॉट असतील तर तुम्ही मूळ डिस्क वाढवता, पण मशीन चालत असतं स्नॅपशॉटनंतरच्या फरकाच्या फाईलवर, ती जुन्याच साईजची राहते, मग आत कितीही शोधा, नवी जागा दिसत नाही. उपाय म्हणजे स्नॅपशॉट डिलीट करायचे. घाबरू नका, स्नॅपशॉट डिलीट केला म्हणजे तुमचा आजचा डेटा जात नाही, तो मूळ फाईलमध्ये मिसळतो, फक्त त्या तारखेला परत जायची सोय जाते. याला वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. स्नॅपशॉट बरेच असतील तर मला त्यापेक्षा मशीनचा फुल क्लोन, म्हणजे पूर्ण वेगळी नक्कल, काढणं जास्त सेफ वाटतं, त्यात फक्त आजची स्थिती घ्या असा पर्याय येतो तो निवडा, मग जुनं मशीन आहे तसं राहतं आणि क्लोनवर काम करता येतं.

मग बाहेरचं काम. व्हर्च्युअलबॉक्सच्या फाईल मेनूतून व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर उघडा (नव्या व्हर्जनमध्ये तो टूल्सच्या आत आहे), आपली डिस्क निवडा, खाली साईजची पट्टी येते ती सरकवा किंवा आकडा टाईप करा, अप्लाय. दोन सेकंदांत होतं. जुन्या व्हर्जनमध्ये ही पट्टी नाही, तिथे व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्याच टाईप करून चालवायच्या टूलची मॉडिफायमीडियम कमांड रिसाइझसोबत वापरतात आणि तिच्यात आकडा एमबीत द्यायचा असतो, 64 जीबी म्हणजे 65536. डिस्कची फाईल डायनॅमिक व्हीडीआय किंवा व्हीएचडी प्रकारची असेल तर सरळ होतं, व्हीएमडीके असेल तर मीडिया मॅनेजरमधूनच तिची व्हीडीआय कॉपी करा, ती वाढवा, आणि मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये जुनी काढून ही लावा. डायनॅमिक डिस्क असेल तर 64 केल्याकेल्या लॅपटॉपवरची 64 जीबी जागा जात नाही, आत जसा डेटा भरेल तशी फाईल वाढते, पण लॅपटॉपच भरला तर मशीन चालता चालता पॉज होतं, म्हणून तिथे किती जागा आहे ते बघूनच आकडा ठरवा.

आता आतलं. मशीन चालू करा, कॉम्प्युटरवर राईट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. सी च्या उजवीकडे काळ्या पट्टीत अनअलोकेटेड जागा दिसेल. सी वर राईट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. वहिनी बाजूलाच उभी होती, पट्टी लाल होती ती निळी झाली तेव्हा पहिलं बिल तिनेच सेव्ह करून बघितलं.

विंडोज 10 किंवा 11 असेल तर एक्स्टेंड व्हॉल्यूम बऱ्याचदा पुसट दिसतं, दाबलंच जात नाही. कारण सी आणि नव्या जागेच्या मध्ये छोटं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं आणि विंडोजला लगतचीच जागा जोडता येते. काही लोक ते सरळ उडवतात, मी उडवत नाही, कधी विंडोज चालू व्हायला नखरे करायला लागलं तर त्याचाच आधार असतो. जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या फुकट सॉफ्टवेअरची आयएसओ फाईल (सीडीची फाईलरूपातली नक्कल) उतरवून मशीनच्या सीडी ड्राईव्हला लावा, त्यावरून बूट करा, रिकव्हरी पार्टिशन ओढून उजव्या टोकाला न्या, अप्लाय, आयएसओ काढा, मग विंडोजमध्ये येऊन सी वाढवा. हलवण्याचं काम चालू असताना लाईट जाणं हा सगळ्यात मोठा धोका, म्हणून ढग दाटलेले असतील तर दुसऱ्या दिवशी करा.

आत लिनक्स असेल तर जीपार्टेडनेच होतं, फक्त मध्ये स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली तर लिनक्स वापरतं ती जागा) आडवं आलं तर आधी स्वॅपऑफ कमांडने ते बंद करा, ते हलवा किंवा काढून शेवटी नवं बनवा, आणि नवं बनवलंत तर एफएसटॅब फाईलमध्ये, जिथे पार्टिशनांची यादी असते, त्याचा नवा यूयूआयडी (ओळख क्रमांक) टाका. एलव्हीएम (पार्टिशनवर लिनक्सची जागा वाटायची वेगळी पद्धत) असेल तर पार्टिशन वाढवल्यावर पीव्हीरिसाइझ, मग एलव्हीएक्स्टेंड, आणि शेवटी फाईल सिस्टिम वाढवायची, ईएक्सटी4 साठी रिसाइझ2एफएस, एक्सएफएससाठी एक्सएफएस ग्रोएफएस. ही शेवटची पायरी विसरलात तर डीएफ या जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये आकडा जुनाच दिसतो.

बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप लगेच पुसू नका. आम्ही आठवडाभर नव्या डिस्कवर बिलं केली, मागच्या वर्षीची बिलं उघडून बघितली, प्रिंट काढून बघितली, मगच जुनी कॉपी काढली.