फिश टँकचं बॅकग्राउंड हाताने रंगवायचंय? मग कडा सांभाळा

आधी एक गोष्ट क्लिअर करू. रंग टँकच्या आत लावायचा नाही, मागच्या काचेला बाहेरून लावायचा. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलं असलं तरी आत नाहीच, कारण सतत पाण्यात राहिलेला रंग मऊ पडतो, पापुद्रे सुटायला लागतात, मासे त्याला तोंड लावून बघतात आणि रंगात जे काय मिसळलेलं असतं ते पाण्यात उतरू शकतं.

आता बाहेरूनच लावायचाय तर पाण्याचं टेन्शन कशाला, असं वाटेल. पण पाणी बदलताना ओला हात, पाइप, जाळी सगळं मागच्या कडेवरूनच आत-बाहेर होतं, झाकणाखालची वाफ थेंब होऊन मागे ओघळते, आणि मागे लटकवायचा फिल्टर असेल तर विचारूच नका. सुकलेला अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने विरघळत नाही हे खरं, पण काच गुळगुळीत असल्याने त्याची पकड कच्ची असते, कडेतून एकदा पाणी खाली शिरलं की दुधावरच्या सायीसारखा अख्खा थर निघून येतो. म्हणजे रंग कुठला घ्यायचा यापेक्षा कडा कशा बंद करायच्या हा मेन मुद्दा. पोस्टर कलर मात्र घेऊ नका, तो सुकल्यावरही पाणी लागलं की परत सुटतो.

टँक रिकामा असेल तर डायरेक्ट काचेवरच रंगवा. जाड चादर अंथरून टँक पुढच्या काचेवर आडवा झोपवा, मागची काच वर येते आणि रंग ओघळत नाही. पांढरे क्षाराचे डाग व्हिनेगरने घालवा, पाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि त्यानंतर काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलावर रंग धरत नाही. (हे काचेच्या टँकसाठी. अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, टँकला अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जाऊ शकतात.) चारही बाजूंना काठापासून साधारण 5 मिमी आतपर्यंत मास्किंग टेप लावा, ती पट्टी मुद्दाम कोरी ठेवायचीय, का ते पुढे येईलच.

आता खरी गंमत. आपण मागून रंगवतोय आणि बघणार समोरून, त्यामुळे सगळा क्रम उलटा. कागदावर जे शेवटी करतो ते इथे पहिलं. दगड काढायचा असेल तर आधी त्याच्यावरची उजेडाची कड, मग भेगा, मग दगडाचा मेन रंग, आणि त्याच्या मागचं पाणी सगळ्यात शेवटी. एकदा दगडाचा रंग बसला की नंतर भेग टाकता येत नाही, ती मागे लपून जाते. डावं-उजवंही उलटतं, म्हणून डिझाईन ट्रेसिंग पेपरवर काढा आणि रंग लावायच्या आधीच काचेच्या आतल्या बाजूला, चित्र समोरून सरळ दिसेल असं चिकटवा, मग मागून नुसतं गिरवायचं.

पहिला हात काचेवर पट्टेपट्टे दिसतो, घाबरू नका आणि ब्रश घासत बसू नका, घासलं की खालचा रंग उचलून येतो. पातळ हात, पूर्ण सुकू द्या, मग पुढचा. झाडांची पानं चपट्या ब्रशने खालून वर ओढा, दगडांना स्पंजचा तुकडा टेकवत गेलात तर खडबडीतपणा मस्त येतो. पाण्याचा रंग वर थोडा उजळ, खाली गडद ठेवा, उजेड वरूनच येतो ना. आणि एकूण चित्र गडदच बरं, फिकट बॅकग्राउंडवर बरेच मासे स्वतःही फिके पडतात. शेवटी सगळ्यावर काळ्या किंवा गडद निळ्याचे दोन-तीन हात. ते सुकले की अंधार करून आतून मोबाइलचा टॉर्च मारा, टाचणीएवढी भोकं चमकतील, तिथे परत रंग टेकवा.

टेप काढताना कडेवरून ब्लेड हलकं फिरवा, नाहीतर टेपसोबत रंगही येतो. मग दोन-चार दिवस थांबून वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात, आणि वॉर्निश रंगाच्या कडेवर थांबवायचं नाही, ती जी कोरी पट्टी ठेवली होती तिच्यावर 3-4 मिमी पुढे न्यायचं. म्हणजे रंगाची कड वॉर्निशखाली बंद झाली. वरच्या कडेला तिसरा हात द्या, पाणी जास्त तिथूनच येतं. स्प्रेवालं वॉर्निश असेल तर चालू टँकच्या खोलीत मारू नका, एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

टँक भरलेला असेल तर सनबोर्डवर (हलक्या प्लास्टिक फोमच्या शीटवर) रंगवा. इथे क्रम सरळ, नेहमीच्या चित्रासारखा. वॉर्निश पुढून, मागून आणि कापलेल्या कडांनाही, आणि ते पूर्ण कडक होऊ द्या, नाहीतर बोर्ड काचेला चिकटून बसेल. एक प्रॉब्लेम मात्र येतो: बोर्ड आणि काचेमध्ये हवेची फट राहते, त्यामुळे समोरून ठीक दिसलं तरी बाजूच्या काचेतून बघताना मागची काच आरसा होऊन जाते, चित्र गायब. काचेवर ग्लिसरीनचा पातळ थर लावून बोर्ड दाबून बसवा, मधली हवा निघते आणि चित्र परत दिसतं. मग चारही कडांना टेप, वरची कड नीट दाबून.

काचेवरचं चित्र नंतर नको झालं तर काच ओली करून ब्लेड आडवं धरून खरवडा, निघून येतं. अ‍ॅक्रिलिकच्या टँकवर ब्लेडने ओरखडे पडतात, त्यामुळे तिथे सुरुवातीपासूनच बोर्ड लावलेला बरा.