बारावीचं इंग्रजी: वाचून नव्हे, लिहून

इंदूरच्या मराठी घरात बारावीच्या वर्षाचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. सकाळी शाळा, दुपारी भंवरकुआंचा क्लास, रात्री फिजिक्स किंवा अकाउंट्स, आणि इंग्रजी? 'शेवटच्या चार दिवसांत धडे वाचून टाकू.' इंग्रजीत सहसा कोणी नापास होत नाही, म्हणून त्याची काळजीही कोणी करत नाही. पण हाच पेपर अनेकांची टक्केवारी खाली ओढतो. धडे आठवत नाहीत हे कारण क्वचितच असतं. वर्षभर इंग्रजी फक्त वाचलेलं असतं, हाताने लिहिलेलं नसतं.

आधी पेपरचं गणित मांडू. सीबीएसईचा इंग्लिश कोअर ८० गुणांचा, वेळ ३ तास, शिवाय सुरुवातीला प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटं. वाचनाला २२, लेखनाला १८ आणि साहित्याला ४० गुण. उरलेले २० शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, त्यात ऐकणं, बोलणं आणि प्रोजेक्ट. आता शब्द मोजा. नोटीस ५०, निमंत्रण किंवा त्याचं उत्तर ५०, पत्र १२० ते १५०, लेख किंवा अहवाल तेवढाच. साहित्यातली दोन-दोन गुणांची सात उत्तरं प्रत्येकी ४०-५० शब्दांची, आणि दोन मोठी उत्तरं १२० ते १५० शब्दांची. वरची मर्यादा धरली तर ही बेरीज हजाराच्या पुढे जाते. उतारे आणि कवितेच्या ओळींवरची छोटी उत्तरं धरली तर चौदाशेच्या आसपास. मिनिटाला १५ शब्द या वेगाने नुसत्या लिहिण्यात दीड तास जातो. उरलेल्या दीड तासात वाचायचं, विचार करायचा आणि तपासायचं. घरी घड्याळ लावून कधीच न लिहिलेल्या मुलाचं शेवटचं मोठं उत्तर चार ओळींवर का थांबतं, ते यातून कळेल.

म्हणून पहिलं काम वेग मोजण्याचं. पाठ्यपुस्तकातला कुठलाही परिच्छेद दहा मिनिटं न थांबता उतरवा आणि शब्द मोजा. १५० च्या आत आले तर रोज एक पान शुद्धलेखन घाला. हो, बारावीतही. अक्षर सुंदर असायची गरज नाही, दोन शब्दांत जागा असावी आणि टी-वरची आडवी रेघ दिसावी. उत्तर जेल पेनने लिहायचं की बॉलपेनने, हे डिसेंबरातच ठरवा आणि मग बदलू नका.

माध्यमिक शिक्षा मंडळाच्या, म्हणजे एमपी बोर्डाच्या मुलांसाठी मुख्य फरक असा की तिथे व्याकरणाचे थेट प्रश्न येतात: गाळलेल्या जागा भरा, सांगितल्याप्रमाणे वाक्य बदला. पाठ्यपुस्तकं दोन्हीकडे एनसीईआरटीचीच, फ्लेमिंगो आणि व्हिस्टाज. बोर्ड दर वर्षी विषयाचं ब्लूप्रिंट, म्हणजे कुठल्या भागाला किती गुण याचा आराखडा देतं. ते छापून टेबलासमोर चिकटवा. खजुरी बाजारात मिळणारी कुंजी, म्हणजे गाइड घ्यायला हरकत नाही, पण तिच्यातला गुणांचा तक्ता मागच्या वर्षीचा असू शकतो, तो या वर्षीच्या ब्लूप्रिंटशी ताडून बघा.

मराठी वाक्य इंग्रजी कपडे घालून येतं तेव्हा

यावर जरा थांबू, कारण इंदूरच्या आपल्या मुलांचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि क्लासमध्ये याबद्दल कोणी बोलत नाही. आपण घरी मराठी बोलतो, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी. इंग्रजी वाक्य या दोन्हींच्या साच्यातून बाहेर पडतं. चुका ठरावीक असतात, म्हणून त्या पकडताही येतात.

'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.' मराठीत जोडी लागते, म्हणून मुलं लिहितात, 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट.' इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचं. 'बिकॉज' आणि 'सो' या जोडीचं तेच.

'दहा वर्षांपासून इंदुरात राहतो' यातला 'पासून' दोन चुका करवतो: 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन इंदोर सिन्स टेन इयर्स.' कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', आणि काळ 'हॅव बीन लिव्हिंग'. टेन इयर्स हा कालावधी, २०१५ हा क्षण. 'पासून' मनात आला की हात थांबवा.

'डिड नॉट वेन्ट' ही चूक सगळ्यांना माहीत असते आणि तरी होते. 'डिड'ने भूतकाळ आधीच घेतलेला असतो, क्रियापदाने पुन्हा घ्यायचा नाही. 'वन ऑफ माय फ्रेंड' मध्ये शेवटचा एस विसरतो, कारण 'माझा एक मित्र' यात मित्र एकटाच असतो. 'डिस्कस अबाउट' मध्ये 'विषयी' घुसतो. डिस्कसला अबाउट लागत नाही. 'ही सेड मी' मध्ये 'मला म्हणाला' बसलेलं असतं. 'टोल्ड मी' किंवा 'सेड टू मी' लिहा. आणि आर्टिकल. मराठीत 'अ', 'द' यांना जागाच नाही, त्यामुळे ती सुटतात. तपासताना प्रत्येक एकवचनी मोजता येणाऱ्या नामाच्या आधी काही आहे का, एवढंच बघत जायचं.

स्पेलिंगमध्ये आपला 'व' दगा देतो: व्ही की डब्ल्यू हा गोंधळ त्याचाच. 'अ‍ॅडव्हाइस' नाम असेल तर सी आणि क्रियापद असेल तर एस. 'हरवणे' या अर्थाच्या शब्दात एकच ओ, 'सैल' या अर्थाच्या शब्दात दोन.

यासाठी दोनशे पानी वही नको, एकच पान पुरतं. त्यावर स्वतःच्या चुका लिहा, कुंजीतल्या नव्हे. प्रत्येक तपासलेल्या उत्तरातली चूक तिथे आली पाहिजे, शेजारी बरोबर वाक्य. महिन्याभरात दिसेल की त्याच सात-आठ चुका फिरून फिरून येतात.

लेखन विभाग: फुकटचा गुण आधी

सीबीएसईच्या मूल्यांकनात चार गुणांच्या नोटिशीत एक गुण नुसत्या मांडणीचा, दोन मजकुराचे, एक शुद्धतेचा. पाच गुणांच्या पत्रात आणि लेखात मांडणी एक, विचारांची रचना एक, मजकूर दोन, शुद्धता एक. म्हणजे चारही उत्तरांत मिळून चार गुण केवळ साच्याचे, आणि साचा पाठ करता येतो.

नोटीस चौकटीत. वर संस्थेचं नाव, मग 'नोटीस' हा शब्द, तारीख, शीर्षक, मजकूर, आणि खाली सही, नाव, पद. मजकुरात काय, कधी, कुठे, कोणासाठी, संपर्क कोणाशी. यातलं 'कुठे' सर्वांत जास्त वेळा राहतं, कारण लिहिणाऱ्याला ते माहीतच असतं. पत्र सगळं डाव्या कडेला लावून: पत्ता, तारीख, समोरच्याचा पत्ता, विषय, संबोधन, मजकूर, 'युअर्स'ने शेवट. त्या 'युअर्स'मध्ये अपॉस्ट्रफी टाकू नका. दर वर्षी हजारो मुलं टाकतात. नोकरीच्या अर्जासोबत बायोडेटा मागितला तर तो पत्राच्या खाली वेगळा द्यायचा, परिच्छेदात मिसळायचा नाही.

मजकुरासाठी आपल्याच शहरातली माहिती साठवा. स्वच्छता, कचरा, वाहतूक, पाणी हे विषय फिरून येतात आणि इंदूरकराकडे याचा खजिना असतो. घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देण्याची पद्धत, २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक (२०२३ ला सुरतबरोबर विभागून), देवगुराडियाजवळचा, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प. अशी चार-पाच विषयांची प्रत्येकी अर्धं पान माहिती इंग्रजी वाक्यांत लिहून ठेवली तर परीक्षेत विचार करायला वेळ जात नाही. मात्र प्रश्नात दिलेले मुद्दे आधी संपवा, आपली माहिती नंतर. दिलेला एक मुद्दा सुटला तर मजकुराचा गुण जातो, मग इंदूरचं कितीही कौतुक लिहा.

सरावासाठी आठवड्याला एक नोटीस, एक निमंत्रण, एक पत्र, एक लेख. नोटिशीला ८ मिनिटं, निमंत्रणाला ७, पत्राला आणि लेखाला १५-१५. मिळून ४५. गणेशोत्सवातल्या मंडळाच्या कार्यक्रमाची नोटीस, राजवाड्याच्या वाहतुकीवर संपादकांना पत्र, असे विषय स्वतःच काढा.

साहित्य

धडा पाचदा वाचण्यापेक्षा दोनदा वाचून पुस्तक मिटा आणि काय आठवतं ते लिहून काढा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. लाल शाई कमी होत गेली की धडा झाला.

प्रत्येक धड्यातून आकडे आणि नावं वेगळी काढा, कारण उत्तर तिथेच जिवंत होतं. चंपारणवरच्या 'इंडिगो'त राजकुमार शुक्ला, १९१६ ची लखनौ काँग्रेस, जमिनीच्या १५ टक्क्यांवर नीळ लावायची सक्ती, गांधीजींची ५० टक्के परताव्याची मागणी आणि २५ वर तडजोड. 'रक्कम कमी मिळूनही गांधीजींनी का मान्य केलं' हा प्रश्न आला की हे दोन आकडे नसलेलं उत्तर मोघम वाटतं. 'टायगर किंग'मध्ये शंभर वाघ आणि शेवटी खेळण्यातल्या लाकडी वाघाचं कुसळ बोचून मृत्यू, यावरून उपरोधाचा प्रश्न हमखास होऊ शकतो.

कवितेत पाच-सहा अलंकार ओळखता आले की पुरतं, पण प्रत्येकाचं उदाहरण कवितेतलंच हवं. कमला दास यांच्या कवितेत आईच्या चेहऱ्याची उतरत्या हिवाळ्यातल्या चंद्राशी तुलना ही सिमिली (उपमा), धावणारी झाडं हे पर्सनिफिकेशन (चेतनगुणोक्ती). अलंकाराचं नाव लिहून थांबू नका, त्याने काय साधलं ते एका वाक्यात लिहा. दुसरा गुण बहुतेक तिथेच असतो.

दोन गुणांचं उत्तर पहिल्याच वाक्यात द्या, मग पुरावा. 'धिस लाइन इज टेकन फ्रॉम' अशा प्रस्तावनेत पंधरा शब्द वाया जातात. मोठ्या उत्तरात तीन परिच्छेद: भूमिका, धड्यातले दोन-तीन प्रसंग, आणि प्रश्नाच्या नेमक्या शब्दांकडे परत येणारी दोन वाक्यं. पूर्ण कथा सांगत सुटणं ही आपल्या मुलांची आवडती चूक. उत्तर लांब होतं, गुण वाढत नाहीत.

न पाहिलेला उतारा

आधी प्रश्नांवर एक नजर, मग उतारा, मग प्रत्येक प्रश्नासाठी उताऱ्यात परत. बहुपर्यायी प्रश्नात सापळा बहुधा असा असतो: वाक्य जगात खरं असतं, पण उताऱ्यात नसतं. समानार्थी शब्द विचारला असेल तर नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद. आलेख असलेल्या उताऱ्यात आधी एकक वाचा. टक्के आहेत की लाख, हे न पाहता उत्तर लिहिणारे पुष्कळ. सरावाला रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एकच लेख पुरे, पण वाचून झाल्यावर त्याचा सारांश तीन वाक्यांत लिहायचा.

जानेवारीपासून

प्री-बोर्डच्या आधी सगळे धडे एकदा लाल शाईतून गेलेले असावेत. त्यानंतर दर रविवारी एक पूर्ण पेपर, तोही परीक्षेच्याच वेळेला: सीबीएसईसाठी साडेदहा ते दीड, एमपी बोर्डासाठी नऊ ते बारा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. फेब्रुवारीत लग्नसराईचे बँड आणि डीजे असतात, म्हणून रात्रीच्या भरवशावर राहू नका. पहाटे पाच ते सात हे दोन तास शांत मिळतात. मार्चमधला पेपर रंगपंचमीच्या आसपास असेल तर केंद्राचा रस्ता आधी ठरवा. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्याच्या बाजूने गाडी काढणं शक्य नसतं.

पेपरमध्ये वाचनाला ४५ मिनिटं, लेखनाला ४५, साहित्याला ७५, तपासायला १५. डोकं ताजं असताना उतारा आधी घ्या. तो शेवटी ठेवला तर दमलेल्या डोळ्यांना सोपा प्रश्नही अवघड वाटतो. ठरलेल्या वेळेत विभाग संपला नाही तर जागा सोडून पुढे चला. शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळं पुन्हा वाचत बसू नका. आधी प्रश्न क्रमांक आणि उपक्रमांक बघा, मग पत्रातली तारीख आणि विषय, मग तुमच्या चुकांच्या पानावरच्या गोष्टी: 'डिड'नंतरचं क्रियापद, 'सिन्स', 'ऑलदो', आर्टिकल. पुरवणी जोडली असेल तर तिची संख्या पहिल्या पानावर भरली का, तेही.