डॉब्सोनियन बैठक: टेफ्लॉन आणि सनमायका नीट बसवा
डॉब्सोनियन बैठक म्हणजे दुर्बीण आडवी आणि वर-खाली फिरवता येणारी साधी लाकडी बैठक. ८ इंची परावर्तक (आरशाच्या) दुर्बिणीसाठी १८ मिमी प्लायवूड घ्या. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगतो, तो नको.

खरी मेख घर्षणात आहे. आडव्या फिरणाऱ्या आसासाठी तळफळीवर टेफ्लॉनचे तीन तुकडे १२० अंशांवर, बरोबर खालच्या पायांच्या वर बसवा. पाय आणि तुकडे सरकलेले असतील तर फळी वाकते आणि चित्र थरथरते. दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो भार धरा. दुर्बिणीची नळी आणि ती धरणारी पेटी मिळून १५ किलो असतील तर प्रत्येक तुकडा सुमारे २२ मिमी चौरस पुरतो. स्क्रूचे डोके टेफ्लॉनच्या आत खोल बुडवा, नाहीतर सनमायकावर ओरखडे उठतील. वरच्या फळीच्या, म्हणजे पेटीच्या बुडाच्या, खालून खरखरीत सनमायका लावा. गुळगुळीत चकचकीत सनमायका चिकटतो आणि मग दुर्बीण झटक्याने उडी मारते, ग्रह नजरेआड!

दोन्ही फळ्यांमधून जाणारा मधला बोल्ट फक्त जागा धरण्यासाठी असतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा) लावा, आवळू नका.

नळीच्या दोन्ही बाजूंची, वर-खाली हालचालीची चाके निदान १५ सेंमी व्यासाची हवीत. नळीचा तोल आयपीस (डोळ्याजवळचे भिंग), फाइंडर (नेम धरण्याची छोटी दुर्बीण) लावूनच तपासा. पुढचे टोक खाली झुकत असेल तर आरशाच्या बाजूला वजन चिकटवा. माथ्यावरचा तारा मात्र या बैठकीला नेहमीच जड जातो. तो थोडा कलेपर्यंत थांबलेले बरे.