आधी वावर, मग सोसायटी, मग पंचायत: बिनलग्नाच्या बाईनं गावात पाय कसे रोवायचे

यवतमाळ जिल्ह्यात माझं चार एकर कोरडवाहू वावर आहे. पऱ्हाटीत (कापसात) तूर घेते. लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला, आई माझ्याजवळ. आजूबाजूच्या गावांतल्या पोरी फोन करतात, "ताई, माहं नाव सातबाऱ्यावर कसं लागंन वो?" प्रत्येकीला तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

बचत गट, सभा, निवडणूक हे सगळं नंतर. आधी सातबारा. तो हातात नसेल तर पुढारी तुला नमस्कार करतो तो फक्त मतदानाच्या आठवड्यात.

बाप गेला की घरात दुःख असतं आणि त्याच दुःखात कागद फिरायला लागतात. तेरवीचं जेवण उरकलं की एखादा काका किंवा मामा स्टॅम्पपेपर पुढं सरकवतो. "तुले वावर कायले पाह्यजे? भाऊ पोसते ना तुले. कर सही." सही करायची नाही. भांडायचंही नाही. "आईची तब्येत बरी होऊ द्या, मग पाहू," म्हणायचं आणि चहा ठेवायला उठायचं. हा कागद म्हणजे हक्कसोडपत्र, आपला वाटा सोडून दिल्याचा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय त्याला जोर नसतो, हे नीट लक्षात ठेव. घरी घाईत सही झाली असेल तरी हातपाय गाळू नको. पण नोंदणीच्या ऑफिसात मात्र "नुसतं सोबत चल" म्हटलं तरी जाऊ नको.

दुसरीकडे आपण वारस नोंदीचा अर्ज टाकायचा. कायद्यानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. पटवाऱ्याकडे (आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असं लिहितात, गाव पटवारीच म्हणतं) मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), सगळ्यांचे आधार आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसकट. प्रतिज्ञापत्र भावानं केलं असेल तर वंशावळ स्वतः वाच. बहिणीचं नाव "चुकून" राहण्याची चूक आमच्या भागात फार होते. मग फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस निघते. हरकतीला 15 दिवस असतात, आणि हरकत लेखीच द्यायची. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

आता खरी मेख. फेरफार झाला, नाव लागलं, पेढे वाटले. तरी उतारा उघडून बघ की नाव कोणत्या रकान्यात आहे. पूर्वी भावाचं नाव मुख्य जागी "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लावायचे आणि बहिणींना "इतर हक्क" या रकान्यात कोंबायचे. तिथं नाव असून बँक पीक कर्जाला उभी करत नाही. नाव भोगवटादाराच्याच, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर त्याच्या, रकान्यात पाहिजे. जुन्या उताऱ्यावर अजून ए.कु.मॅ. असेल तर तो कमी करून सगळ्या वारसांची नावं लावा, असा अर्ज तहसीलदाराकडे देता येतो.

कोणी म्हणेल, पोरीला वडिलोपार्जितात हक्कच नाही, तर त्याला 1994 सांग. त्या सालच्या 22 जूनपासून महाराष्ट्राच्या कायद्यानं मुलीला मुलासारखाच जन्मानं वाटा दिला. जिचं त्याआधीच लग्न झालं होतं ती मात्र वगळली. म्हणजे बिनलग्नाचं राहिल्याचा फायदा सरकारी कागदावर तेव्हाच लिहिला गेला, हे मला अजून गमतीचं वाटतं. केंद्राचा कायदा 9 सप्टेंबर 2005 ला आला, त्यात लग्न झालेलीही आली. बाप तेव्हा जिवंत होता की नाही यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये सांगून टाकलं. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना आहे. आदिवासी घरांना तो आपोआप लागू होत नाही, तेव्हा मेळघाट-गडचिरोलीकडच्या पोरींनी आधी वकिलाला विचारा. पैसे लागत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

सातबारा झाला की सेवा सहकारी सोसायटी. इथं पोरी मागं राहतात, कारण ती त्यांना खत आणि कर्जाची जागा वाटते. तालुक्याचं राजकारण तिथूनच चालतं. बाजार समितीच्या 18 संचालकांपैकी 11 सोसायटीकडून जातात आणि त्यांना मत देतात सोसायटीचे संचालक. त्या 11 मध्ये 2 जागा बायांच्या. सोसायटीच्या संचालक मंडळातही 2 बायांच्या. बहुतेक गावात तिथं कुणाची तरी बायको बसवतात, जी सभेला येतच नाही; रजिस्टर घरी जातं, सही होऊन येतं. तू स्वतः जाऊन बसलीस तर सचिवाला आधी घाम फुटतो. सभासदत्वाचा अर्ज दे, पोच घे. नाही म्हणाले तर लेखी माग. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तू सभासद झालीस असं कायदाच मानतो. सहकार खात्याच्या सहायक निबंधकाला हे पाठ असतं, पण आपण विचारल्याशिवाय आठवत नाही. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. तेव्हा सोयाबीन तोंडावर आलेलं असतं, तरी एक दिवस काढ आणि हजेरीची सही स्वतःच्या हातानं कर.

बचत गटाचं थोडक्यात. "लग्न होऊन जाईल, मग हप्ता कोण भरणार" म्हणून बिनलग्नाच्या पोरीला घ्यायला गट कचरतात. अठरा वर्षं झालेली कोणतीही बाई चालते. हिशोबाची वही लिहायला तयार हो, मग कोणी काढत नाही.

योजनांच्या मागं आयुष्य घालवू नको, पण आपल्या नावाचं सोडूही नको. 2024 मध्ये लाडकी बहीण आली तेव्हा पहिल्या आदेशात अविवाहित बाई नव्हतीच. ओरड झाली, काही दिवसांत दुरुस्ती निघाली आणि घरातली एक अविवाहित बाई आत आली. एकच का, दोघी बहिणी असल्या तर काय, हे अजून कुणी विचारत नाही. आपण विचारायला पाहिजे. संजय गांधी निराधार योजनेत 35 वर्षांवरची अविवाहित स्त्री बसते. तिथं वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 रुपये ठेवली आहे, तेवढ्यात आमच्याकडे वेचणीची मजुरीही निघत नाही.

आता पंचायत. राज्यात 2011 पासून अर्ध्या जागा बायांच्या आहेत, उमेदवाराचं वय 21 पाहिजे. सून दुसऱ्या गावाहून येते, तिला वॉर्ड कळायला पाच-सात वर्षं जातात. तू तिथंच वाढलीस, कोणत्या गल्लीत नळ कधी येतो, घरकुलाचा हप्ता कुणाचा अडला, तुला तोंडपाठ आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती बऱ्याच गावांत कागदावरच होते. ग्रामसेवकाला मागच्या महिला सभेचं इतिवृत्त माग. एवढ्या एका मागणीनं पुढची सभा खरोखर भरते, हा माझा अनुभव.

उभं राहायचं मनात असेल आणि जागा राखीव निघाली तर जात पडताळणी लागते. बाईला नेहमी विचारतात ते बापाकडचे कागद, आणि लग्न झालेलीचं नाव दोन्हीकडे जुळवता जुळवता अर्ज परत येतो. तुझं नाव शाळेपासून एकच आहे. वडिलांचा, आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा आणि कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल आत्ताच काढून ठेव. अनुसूचित जाती-जमातीला 1950 च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना 1961 च्या, ओबीसींना 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. शाळेत मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधी जा. सुट्टीत त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते हेडमास्तरलाही ठाऊक नसतं.